विम्बल्डनच्या हिरवळीवर एक दिवस



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहून टेनिसविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी कामगार हे माझे नेहमीचे विषय. टेनिस हा जिमखान्याचा, साहेबलोकांचा खेळ, अशीच आपली समजूत. परंतु या खेळाशी माझा संबंध युनियनहूनही जुना आहे. नववीत शाळा सुटली, त्याच्या आधी दोन वर्षे मी आमच्या शहरातल्या एका जिमखान्यावर संध्याकाळी चेंडू वेचीत असे. इंग्रजी मुळाक्षरे नीट येण्यापूर्वी मला 'ड्यूस' आणि 'ॲडव्हान्टेज' हे शब्द येत होते.

संध्याकाळचा एक रुपया ठरला होता. एकदा महिनाभर तो मिळाला नाही, म्हणून मी धीर करून तिथल्या एका पदाधिकाऱ्यांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, "अरे, तू इथं खेळात असतोस. खेळाचे पैसे कसले मागतोस?" मी बारा वर्षांचा होतो. मला उत्तर सुचले नाही. पुढे वर्कशॉपात लागलो, युनियनमध्ये आलो, जे काही वाचले ते रात्री दिव्याखाली स्वतःच वाचले. पण तो प्रश्न मनातून गेला नाही. खेळ कुठे संपतो आणि काम कुठे सुरू होते? गेल्या वर्षी विम्बल्डनला जो एक दिवस मी घालवला, त्याची हकीगत सांगता सांगता या प्रश्नाचाही थोडा विचार करावा, असा माझा बेत आहे.

माझी पुतणी लंडनमध्ये नोकरी करते. तिच्याकडे गेलो असता ३० जून २०२५ रोजी, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी, आम्ही पहाटे घर सोडले. साउथफील्ड्स स्टेशनावर उतरून चालत गेले की विम्बल्डन पार्क नावाचे मोठे उद्यान लागते. तिथे रांग. रेशनच्या दुकानापासून पगाराच्या खिडकीपर्यंत माझे अर्धे आयुष्य रांगेत गेले आहे, पण अशी रांग मी पाहिली नव्हती. शेवटच्या माणसाच्या मागे उभे राहिले की स्वयंसेवक हातात तारीख आणि क्रमांक छापलेला कागद देतो. तो क्रमांक तुमचा. मध्ये घुसण्याची सोयच नाही. कित्येकजण आदल्या रात्रीपासून तंबू ठोकून असतात, कारण तीन मोठ्या कोर्टांची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटे रोज रांगेतल्या लोकांसाठी राखून ठेवलेली असतात. आम्हाला ती मिळणार नव्हती. आम्ही ३० पौंडांचा मैदानाचा पास घेतला. त्यावर बाहेरच्या छोट्या कोर्टांवर, जागा मिळेल तिथे बसता येते. माझा सल्ला विचाराल, तर टेनिस पाहायचे ते असेच पाहावे. खेळाडू हाकेच्या अंतरावर असतो. त्याचा श्वास ऐकू येतो.

अकराला खेळ सुरू झाला. आम्ही ज्या कोर्टापाशी बसलो, तिथे पहिल्या फेरीचा सामना होता. दोन्ही खेळाडूंची नावे आपण ऐकलेली नसतील. मी आधी खेळाकडे पाहिलेच नाही, गवताकडे पाहिले. हे गवत बरोबर ८ मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. पूर्वी त्यात दोन जातींचे मिश्रण असे. २००१ पासून फक्त राय गवताची एकच टिकाऊ जात पेरतात, कारण ती तुडवली तरी तग धरते. खाली चिकणमातीची जमीन. ती रुळाने दाबून आणि वाळवून इतकी कठीण करतात की चेंडूला नीट उसळी मिळावी. आणि या मैदानावर कबुतरांनी येऊन बी टिपू नये म्हणून एक पाळीव ससाणा नेमलेला आहे. त्याचे नाव रूफस. पाखरालाही तिथे नेमून दिलेले काम आहे!

गवताचा खेळ वेगळा का, हे थोडक्यात सांगतो. लाल मातीवर चेंडू टप्पा घेताना अडतो आणि वर उसळतो. खेळाडूला विचार करायला वेळ मिळतो. गवतावर तो घसरतो, खालून सपकन पुढे येतो. म्हणून इथे सर्व्हिसला धार येते आणि गुडघे वाकवून खेळावे लागते. पहिल्या दिवशी गवत ताजे आणि निसरडे असते. आमच्यासमोर एक खेळाडू दोनदा घसरून पडला आणि दोन्ही वेळा लोकांच्या छातीत धस्स झाले. पूर्वीच्या काळी खेळाडू सर्व्हिस करून लगेच जाळ्याकडे धावत, तेव्हा स्पर्धेच्या अखेरीस जाळ्याकडे जाणारी वाट झिजलेली दिसे. आता ते मागच्या रेषेवरूनच खेळतात, म्हणून तिथलेच गवत उडते. लेथवर वर्षानुवर्षे काम करणारा माणूस कुठे उभा राहतो, ते त्याच्या पायाखालच्या फळीवरून कळते, तसेच हे.

मग माझे लक्ष चेंडू वेचणाऱ्या मुलामुलींकडे गेले. सुमारे पंधरा वर्षांची ती मुले आसपासच्या शाळांतून निवडलेली असतात आणि त्यांचे शिक्षण कित्येक महिने आधीपासून चालते. चेंडू जमिनीलगत लोटावा कसा, हात सरळ वर करून तो खेळाडूला द्यावा कसा, पुतळ्यासारखे स्तब्ध राहावे कसे, हे सारे शिकवतात. मी या विषयावर थोडे वाचले होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे काम अनाथ आणि गरीब मुलांच्या शाफ्ट्सबरी बालगृहातली मुले करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्नार्डो या संस्थेतली मुले येत. शाळांमधून मुले घेण्याची पद्धत रुजली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, आणि मुली आल्या १९७७ साली. आज ज्या जागेसाठी चांगल्या घरची मुले चढाओढ करतात, ती जागा एके काळी आईबाप नसलेल्या पोरांची होती. समोरच्या एका मुलीने चेंडू उचलून पाठीमागे हात घेतला, आणि मला माझा रुपया आठवला.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना खुपत होती, पण ती काय ते चटकन कळेना. पुतणी म्हणाली, "काका, रेषेवरचे पंच कुठे आहेत?" ते नव्हते. कडक इस्त्रीच्या कपड्यात रेषेकडे टक लावून वाकून उभे राहणारे पंच हा विम्बल्डनच्या चित्राचाच एक भाग होता. अशा सुमारे ३०० माणसांचे काम २०२५ पासून कॅमेरे आणि संगणक करू लागले. 'आऊट' हा शब्द आता ध्वनिमुद्रित आवाज उच्चारतो. सुमारे ८० जणांना कोर्टावर मदतनीस म्हणून ठेवले.

मी यंत्राचा शत्रू नाही. डोळ्यापेक्षा कॅमेरा अचूक असतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पुढच्याच रविवारी, ६ जुलैला, सेंटर कोर्टावर पाव्हल्युचेंकोव्हा आणि कार्टल यांच्या सामन्यात एक चेंडू रेषेबाहेर पडला आणि यंत्र गप्प राहिले. कोणाच्या तरी चुकीने कोर्टाच्या एका भागातली यंत्रणा बंद पडली होती. खुर्चीवरच्या पंचाने तो गुण पुन्हा खेळायला लावला. यंत्राच्या मागेही शेवटी माणूसच असतो. फक्त तो आता आपल्याला दिसत नाही.

दुपारी आम्ही स्ट्रॉबेरी घेतल्या. इथे स्ट्रॉबेरी आणि साय खाणे हा जत्रेतल्या रेवड्यांसारखाच रिवाज आहे. पंधरा वर्षे एका वाडग्याची किंमत अडीच पौंड होती, ती २०२५ साली २ पौंड ७० पेन्स झाली. केंट परगण्यातल्या मळ्यांतून ही फळे भल्या पहाटे तोडून आणतात. खाता खाता पुतणीने विचारले, "काका, हे खेळाडू पूर्वी फुकट खेळायचे म्हणे. खरं का?"

खरे आहे, आणि तीच या खेळाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. १९६८ पर्यंत विम्बल्डनच्या स्पर्धेत फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता. पैसे घेऊन खेळणारा बाद! आपल्या रामनाथन कृष्णन यांना १९६१ च्या उपांत्य सामन्यात हरवून पुढे विजेता झालेला रॉड लेव्हर १९६२ साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकला आणि मग व्यावसायिक झाला. झाले! जगातला सर्वोत्तम खेळाडू पाच वर्षे या दारातून आत येऊ शकला नाही. आमच्या जिमखान्यावर एक मार्कर होता. सभासदांना तो खेळायला शिकवी, आणि त्यांच्यापैकी कोणालाही डाव्या हाताने हरवील असा त्याचा खेळ. पण वार्षिक स्पर्धेत त्याला उतरता येत नसे, कारण तो नोकर. लेव्हरविषयी वाचले तेव्हा मला तो मार्कर आठवला.

बरे, हौशी म्हणवणारे तरी फुकट खेळत होते का? नाही. प्रवासखर्चाच्या नावाखाली त्यांना टेबलाखालून पैसे मिळत. ज्याचे नाव मोठे, त्याचा खर्च मोठा. हे सोंग आहे असे खुद्द विम्बल्डनच्या क्लबचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड उघडपणे म्हणू लागले. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांनी सेंटर कोर्टावर व्यावसायिकांची एक स्पर्धा भरवली. ती लेव्हरने जिंकली. डिसेंबरात ब्रिटिश टेनिस संघटनेने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द केला. १९६८ च्या खुल्या विम्बल्डनमध्ये विजेता लेव्हर याला २,००० पौंड मिळाले, आणि स्त्रियांची विजेती बिली जीन किंग हिला ७५०. काम एकच, गवत एकच, प्रेक्षक तेच. दाम मात्र निम्म्याहून कमी. ही तफावत विम्बल्डनला संपायला २००७ साल उजाडावे लागले.

पण पैसे मिळू लागले म्हणजे हक्क मिळाले, असे नव्हे. हे आम्हा कामगारांना सांगायला नको. १९७२ साली पुरुष खेळाडूंनी आपली संघटना काढली. पुढच्याच वर्षी कसोटीची वेळ आली. निकोला पिलिच या खेळाडूने डेव्हिस कप खेळण्यास नकार दिला, असा ठपका ठेवून युगोस्लाव्ह संघटनेने त्याच्यावर बंदी घातली. आंतरराष्ट्रीय संघटनेने ती एका महिन्यावर आणली, पण त्या महिन्यात विम्बल्डन येत होते. लंडनच्या न्यायालयानेही मनाईहुकूम दिला नाही. तेव्हा ८१ खेळाडूंनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. त्यांत आदल्या वर्षीचा विजेता स्टॅन स्मिथ होता, ऑर्थर ॲश होता, ज्याला विम्बल्डनने आयुष्यभर हुलकावणी दिली तो केन रोझवॉलही होता. एका सहकाऱ्यासाठी त्यांनी वर्षातली सर्वांत मोठी संधी सोडली. मंडळी, आम्ही याला संप म्हणतो.

सगळेच बाहेर राहिले नाहीत. शेफील्डच्या पोलाद कामगाराचा मुलगा रॉजर टेलर खेळला. स्पर्धा पार पडली, प्रेक्षक तीन लाखांवर आले, आणि आपला एकोणीस वर्षांचा विजय अमृतराज उपांत्यपूर्व फेरीत पुढे विजेता ठरलेल्या कोडेशशी पाच सेट झुंजला. म्हणजे संप फसला का? त्या वर्षीचा हिशेब पाहिला, तर फसला असे दिसते. पण खेळाडूने कुठे खेळावे हे एकट्या संघटनेच्या कचेरीने ठरवण्याचे दिवस त्यानंतर संपले. त्याच जूनमध्ये लंडनच्या एका हॉटेलात बिली जीन किंगने स्त्री खेळाडूंची संघटना उभी केली.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. १९९० पासून पुरुषांची ती संघटना स्वतःच स्पर्धांचा दौरा चालवू लागली आणि तिच्या मंडळात खेळाडू आणि स्पर्धांचे चालक निम्मे निम्मे बसू लागले. ज्याच्याशी भांडायचे, तोच शेजारच्या खुर्चीवर! म्हणूनच पुढे काही खेळाडूंनी निराळी संघटना काढली आणि मार्च २०२५ मध्ये तिने या दौऱ्यांच्या चालकांवर दावा लावला. पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही त्या वर्षी विम्बल्डनला ६६,००० पौंड होते, मग त्यांना कसले दुःख, असे आपण म्हणाल. परंतु अशा मोठ्या स्पर्धा वर्षातून चारच. उरलेले वर्ष गावोगाव फिरायचे, शिक्षकाचा आणि प्रवासाचा खर्च स्वतः सोसायचा. आणि घोटा मुरगळला की कमाई थांबली. आमच्या भाषेत हा रोजंदारीवरचा कामगार, एवढेच की रोज मोठा.

संध्याकाळ झाली. ज्यांना सेंटर कोर्टाचे तिकीट नाही, ते मैदानातल्या टेकडीच्या उतारावर बसून मोठ्या पडद्यावर सामना पाहतात. आम्हीही बसलो. सलामीच्या दिवशी इतकी उष्णता पूर्वी कधी झाली नव्हती, असे सांगत होते. पडद्यावर आदल्या वर्षीचा विजेता कार्लोस अल्काराझ आणि ३८ वर्षांचा इटालियन फाबिओ फोन्यिनी पाच सेट लढत होते. पाचव्या सेटमध्ये एक प्रेक्षक स्त्री उन्हाने कोसळली. खेळ थांबला, आणि अल्काराझ स्वतःची पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडे धावला. टेकडीवरच्या साऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीच्या कुठल्याही फटक्याला मिळाल्या नव्हत्या, इतक्या. सामना अल्काराझने जिंकला. अंतिम सामन्यात मात्र १३ जुलैला सिनरने त्याला हरवले. तो मी पुतणीच्या घरी पाहिला. मागच्या रेषेजवळचे गवत तोवर पार उडून गेले होते आणि खालची माती उघडी पडली होती.

त्या उघड्या मातीकडे पाहताना मला चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर सुचले. खेळ पाहणाऱ्याला आनंद व्हावा म्हणून ज्याचे अंग झिजते, तो काम करतो. मग तो चेंडू मारणारा असो, वेचणारा असो, की पहाटे उठून गवत कापणारा असो. त्याला त्यात आनंद होतो, म्हणून त्याचे दाम बुडवता येत नाही. टेनिस अवश्य पाहा. त्यासारखा देखणा खेळ नाही. पण पुढच्या वेळी पाहाल तेव्हा घटकाभर चेंडूवरून नजर काढून रेषेच्या कडेला उभ्या असलेल्या त्या पोराकडेही पाहा, एवढीच माझी विनंती.