चित्रावरून स्थळ ओळखतांना

दोन छायाचित्रें समोर ठेवलेलीं आहेत. गांवाचें नांव नाहीं, तारीख नाहीं. एकांत काळ्या कातळांत खोदलेलें लेणें आणि त्याच्या पायथ्याशीं दगडी पायऱ्यांची अरुंद वाट. दुसऱ्यांत एक भला मोठा दगडी रांजण. या स्थळाचा संबंध समुद्रावरील व्यापाराशीं आहे, एवढीच सूचना दिलेली आहे. चित्रांत समुद्राचा तर थेंबही नाहीं! पुष्कळजण येथेंच फसतात आणि किनाऱ्यावरील बंदरें आठवूं लागतात.

ओळखणाऱ्यानें प्रथम दगड पाहावा. आडव्या थरांचा काळा दगड हा सह्याद्रीचा. मग कडा कोणत्या अंगास तुटला आहे तें पाहावें. कोंकणाकडे हा डोंगर भिंतीसारखा तुटतो, देशाकडे हळूहळू उतरतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावर थेट ऊन येतें तें दुपार कलल्यावर. यास्तव कडा उजळलेला असेल तर चित्राची वेळ कळते. सावलीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. माध्यान्हीची सावली उत्तरेसच पडते असें सर्रास सांगितलें जातें. परंतु शहापूर-मुरबाडकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य माथ्याच्या उत्तरेस असतो, आणि ती सावली दक्षिणेस जाते.

अखेरचा निवाडा रांजणच करतो. हा नाणेघाट. मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवाकडून ही वाट चढून जुन्नरकडे जाते. जकातीचीं नाणीं त्या रांजणांत टाकीत, अशी लोकसमजूत आहे. लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा ब्राह्मी लेख असून, यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आंकडे त्यांत कोरलेले आहेत. राजकुलांतील व्यक्तींचे पुतळे नाहींसे झाले. त्यांचीं नांवें तेवढीं दगडावर राहिलीं.

समुद्र येथवर येतो तो कल्याणच्या मार्गानें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत कल्याणचा उल्लेख आहे. पूर्वी तें रीतसर व्यापाराचें बंदर होतें. पुढें सत्ता पालटली, अडथळे आले, आणि तेथें चुकून शिरलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जाऊं लागलीं, असें तो ग्रंथकार सांगतो. बंदरावरील या अडवणुकीची झळ घाटावरच्या बैलतांड्यांस लागली नसेल, असें मानणें कठीण आहे. चित्रांतल्या पायऱ्या पाहतांना एवढें ध्यानांत आलें, तरच ओळख पटली म्हणावयाची. नुसतें नांव बरोबर येणें ही अर्धी गोष्ट.

शहापूरजवळचा माहुली किल्ला याहून सोपा वाटतो. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे त्याचे तीन भाग, आणि जवळच आभाळांत घुसलेले सुळके. एकदां पाहिलेला मनुष्य तो विसरत नाहीं. तरीही चित्र छापतांना कांच उलटी लागली, तर डावें तें उजवें होतें आणि जाणताही गोंधळतो. अशा वेळीं चित्रांत एखादी पाटी किंवा अक्षर सांपडतें का, तें पाहावें.

घरीं बसून ओळखण्यांत चूक झाली तर थोडें हसें होतें. आकाशांतून ओळखण्याची गोष्ट निराळी. १९६२ च्या जुलै महिन्यांत ‘आलितालिया’ कंपनीचें एक डी.सी.-८ जातीचें जेट विमान बँकॉकहून मुंबईस येत होतें. वेळ रात्रीची, दिवस पावसाळ्याचे. मार्गगणनेंतील चुकीमुळें आपण मुंबईच्या अधिक जवळ आलों आहों अशी वैमानिकांची समजूत झाली, आणि त्यांनीं वेळेपूर्वींच विमान खालीं आणलें, असें पुढें चौकशींत ठरलें. मुंबई अजून सुमारें ८४ किलोमीटर दूर होती. मधें सह्याद्रीचा माथा होता. ७ जुलैच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळांत, जुन्नरच्या बाजूस, दावंड्याच्या डोंगरावर तें विमान आदळलें आणि त्यांतील सर्व ९४ माणसें मृत्यु पावलीं.

त्या डोंगराचें चित्र कोणी पुढें ठेवलें, तर दगडाचे तेच आडवे थर आणि पावसाळ्यांतलें तेंच हिरवें गवत दिसेल. तेथें रांजण नाहीं, लेख नाहीं. विमानाचा इतिहास अशी सूचना मिळाली, तरी ओळखणारा बहुधा जुहूच्या धांवपट्टीकडेच वळेल.