फुकटचा डबा आणि आटलेला पान्हा

दवाखान्यातून घरी निघालेल्या बाळंतिणीला कोणी दुधाच्या पावडरीचा एक डबा फुकट दिला, तर त्यात वाईट काय? साबणाची छोटी वडी किंवा चहाची पुडी अशी नमुन्यादाखल मिळतेच. आवडली तर आपण पुढे विकत घेतो, नाही तर आपल्या जुन्या साबणाकडे वळतो. दुधाच्या डब्याचे तसे नाही. का नाही, हे कळण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहावे लागेल.

आईचे दूध टाकीतल्या पाण्यासारखे आधी भरून ठेवलेले नसते. बाळ चोखू लागले की मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे संदेश जातो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते. ऑक्सिटोसिनमुळे दूधग्रंथींभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात व दूध बाहेर ढकलले जाते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. बाळाचे नुसते रडणे ऐकूनही पान्हा फुटतो आणि काळजीने तो अडतो, हे आजीबाईंचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. (पहिले चिकाचे दूध पिळून टाकून बाळाला मध चाटवण्याचा त्यांचा आग्रह मात्र चूक. त्या चिकातच प्रतिद्रव्ये ठासून भरलेली असतात.)

म्हणजे बाळ जितके पिईल तितके दूध तयार होते. स्तनात दूध साचून राहिले की निर्मिती मंदावते. आता बाळाला एक-दोन वेळा बाटलीने वरचे दूध दिले, की त्याचे पोट भरते आणि ते अंगावर कमी पिते. त्यामुळे दूध कमी होते. आईला वाटते, ‘मला दूध पुरत नाही.’ मग आणखी एक बाटली. फुकटचा डबा संपतो तेव्हा पान्हाही आटत आलेला असतो. तो परत आणता येतो, पण त्याला चिकाटी लागते आणि जाणकाराची मदतही. बहुतेक घरांत दुसरा डबा विकत आणला जातो. साबणाचा नमुना दुसरा साबण नाहीसा करत नाही. हा नमुना करतो.

डबा महाग असतो. तो जास्त दिवस पुरावा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घातले जाते. दिसायला ते दूध पांढरेच, बाळाचे पोटही भरते. पण निम्मी पावडर म्हणजे निम्मीच ऊर्जा आणि निम्मीच प्रथिने. त्यात पाणी गढूळ, बाटली उकळायला सरपण नाही. म्हणजे एकीकडे कुपोषण, दुसरीकडे जुलाब, आणि आईच्या दुधातील प्रतिद्रव्यांचे संरक्षणही नाही.

पावडर हे विष नव्हे. आई हयात नसेल किंवा एखाद्या औषधामुळे तिला पाजता येत नसेल, तर तोच डबा बाळाला जगवतो. वाद आहे तो डबा विकण्याच्या रीतीचा.

हा वाद जुना आहे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेत गोल्ड कोस्ट (आजचा घाना) येथे काम करताना क्वाशिओरकर या कुपोषणाच्या रोगाचे वर्णन केले होते. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्यांनी ‘दूध आणि खून’ अशा मथळ्याचे भाषण केले. गोड आटवलेले डबाबंद दूध तेथे बाळांसाठी म्हणून खपवले जात होते. अशा प्रचाराने होणाऱ्या बालमृत्यूंना खूनच म्हटले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे कंपन्यांनी परिचारिकेसारखा पोशाख घातलेल्या विक्रेत्या बाळंतिणींकडे पाठवल्या. १९७४ साली या प्रकारांवर ब्रिटनमध्ये एक पुस्तिका निघाली. तिच्या जर्मन अनुवादाला स्वित्झर्लंडमधील कार्यकर्त्यांनी ‘नेस्ले बाळांना मारते’ असे नाव दिले, तेव्हा कंपनीने बदनामीचा दावा लावला. १९७६ साली बर्नच्या न्यायालयाने कार्यकर्त्यांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड केला. पण कंपनीनेही आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा फेरविचार करावा, असे सुनावले. दंड भरणाऱ्यांनाच विजय मिळाल्यासारखे झाले! पुढच्याच वर्षी अमेरिकेत बहिष्काराची चळवळ सुरू झाली.

मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने विक्रीची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधातले एकमेव मत अमेरिकेचे होते. पण संहिता म्हणजे कायदा नव्हे. भारताने १९९२ साली कायदा केला व २००३ साली तो कडक केला. जाहिरात, फुकट नमुने, आयांना भेटी, दवाखान्यांना आमिषे, सर्वांना बंदी. डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र चालत नाही, आणि आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम, हे ठळक छापावे लागते. आपल्याच मालापेक्षा दुसरा चांगला, असे छापायला लावलेल्या वस्तू किती आहेत? वर्गात एखादा रिकामा डबा आणून मुलांना हे सारे शोधायला सांगावे.

तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झालेली असूनही जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे ४२ टक्केच आढळली. याला जाहिरात जबाबदार नाही. प्रसूतिगृहातल्या सवयी, शस्त्रक्रियेनंतर बाळ आईपासून दूर ठेवणे, घरातल्या समजुती, असे बरेच काही त्यात आहे. कायदा तेथे पोचत नाही.

आणि कायद्याला एक फटही आहे. तो दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या आहारापुरता आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या दुधालाही आईच्या दुधाचा पर्याय मानले. कारण अनेक देशांत ‘वाढत्या वयाच्या’ मुलांच्या डब्याचे नाव, रंग आणि मांडणी लहान बाळांच्या डब्यासारखीच ठेवतात. जाहिरात मोठ्याची होते, आणि आईच्या लक्षात धाकटाही राहतो.