अक्षर आपले, कुलूप दुसऱ्याचे

14 ऑक्टोबर 2025 ही तारीख इतिहासाच्या पुस्तकात जाण्यासारखी नाही. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज 10’ या संगणकप्रणालीला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या पुरविण्याचे नियमित काम थांबविले, एवढेच. परंतु जुन्या संगणकावर दिवस काढणाऱ्या शिक्षक-कारकून वर्गापुढे या घटनेने एक प्रश्न उभा केला. पुढच्या ‘विंडोज 11’ला ठराविक सुरक्षा-चिप आणि त्यातल्या त्यात नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, माझा संगणक 2014 सालचा. याबद्दल कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. विकलेल्या मालाची डागडुजी कोणी किती वर्षे करीत राहावी? तथापि धडधाकट यंत्र भंगारात काढावयाचे, हे मध्यमवर्गीय मनाला रुचत नाही आणि अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला तर मुळीच नाही.

नेवासे फाट्यावर माझा एक जुना विद्यार्थी संगणकदुरुस्ती करतो. तो म्हणाला, “सर, नवा घ्यायची घाई करू नका. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. पटलं तर ठेवू, नाही पटलं तर काढून टाकू.” आठ दिवस तसे पाहिले, आणि मग ठेवून घेतले.

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये संगणकप्रणालीचा एक गाभा लिहून जगापुढे खुला ठेवला. त्याआधी, 1983 मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि इतरांस द्यावी अशी प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला होता. या दोन प्रयत्नांच्या संगमातून आजचे लिनक्स आले. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभा तेच आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील यच्चयावत यंत्रे 2017 च्या नोव्हेंबरपासून त्यावरच चालत आली आहेत. टेबलावरच्या संगणकात मात्र त्याला अद्याप पाहुण्यासारखे वागविले जाते.

रोजच्या व्यवहारात मला फारसे अडले नाही. बँक, आयकर, विद्यापीठाचे गुण भरणे ही कामे ब्राउझरमधून होतात, आणि ब्राउझर येथेही तोच. गुणपत्रके आणि टिपणे लिब्रेऑफिसमध्ये होऊ लागली. छपाईयंत्र पहिल्याच प्रयत्नात चालले. जुना स्कॅनर मात्र काही केल्या बधला नाही आणि आता कपाटावर विश्रांती घेत आहे. कन्येने दोन दिवस वापरल्यावर विचारले, “बदललं काय नेमकं?” मुक्त संगणकप्रणालीची याहून मोठी प्रशस्ती मी वाचलेली नाही. ‘फुकट’ या शब्दाबद्दल मात्र वाचकांनी सावध असावे. परवान्याचा खर्च शून्य असला तरी माझ्या चार संध्याकाळी गेल्या, आणि ज्याला आमच्या शास्त्रात संधी-खर्च म्हणतात तो शून्य नव्हता.

खरा फटका बसला तो अनपेक्षित ठिकाणी. 2003 पासूनच्या माझ्या प्रश्नपत्रिका, टिपणे, विद्यार्थ्यांना दिलेली शिफारसपत्रे अशा दोनेकशे फाइली नव्या प्रणालीत उघडल्या, तेव्हा पडद्यावर मराठीचे एक अक्षर दिसेना. रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस यांचा नुसता खच. कारण असे, की त्या काळी प्रचलित असलेल्या अनेक मराठी फॉन्टांत संगणकाच्या लेखी मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर ‘क’ किंवा ‘म’चे चित्र बसविलेले असे. चित्र काढून घेतले की खाली उरते ते निरर्थक इंग्रजी. मी वापरीत होतो तो संच केवळ विंडोजवर चालणारा, शिवाय संगणकाला कुलूपवजा एक डबी जोडल्याखेरीज तो टंकनाला तयार होत नसे. वीस वर्षे मी मराठीत लिहीत होतो असे मला वाटत होते.

यावर उपाय आहे. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला पहिल्याच आवृत्तीत, म्हणजे 1991 मध्येच, स्वतःची जागा मिळाली आहे (लिनक्सच्या जन्माचे वर्षही तेच, हा योगायोग), आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके मिळतात. पण ही परिवर्तके रफाराला अडखळतात. माझ्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर आता ‘अथर्शास्त्र’ असे छापून येऊ लागले. ज्या विषयावर पोट भरले, त्याचेच नाव नीट नाही! आत ‘अथर्व्यवस्था’ होती. तिच्यात कोणी अथर्व नावाचा बालक हरवला आहे असे वाटे.

नेवाशात राहणाऱ्याला येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. शके 1212 मध्ये याच गावी, पैसाच्या खांबाशी, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या प्रती हातांनी होत राहिल्या, पाठ बिघडत गेले, आणि शके 1506 मध्ये पैठणच्या एकनाथांनी पोथ्या पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांना ते करता आले, कारण पोथी कितीही अशुद्ध असली तरी ती वाचता येत होती. लेखणी कोणत्या कारागिराची, शाई कोणत्या दुकानाची, यावर तिचे वाचन अवलंबून नव्हते.

प्रणाली बदलणे सोपे आणि सवय बदलणे कठीण, हे अर्थशास्त्राला ठाऊक आहे. पॉल डेव्हिड यांनी 1985 मध्ये इंग्रजी टंकयंत्राच्या कळफलकावर लिहिलेल्या निबंधात दाखविले, की एकदा सर्वांची बोटे एका मांडणीला सरावली की ती उत्तम नसली तरी टिकून राहते. आमच्या परिचयाच्या एका कार्यालयात मी युनिकोडमधील अर्ज दिला, तेव्हा तेथील लिपिक नम्रपणे म्हणाले, “सर, फाइल उघडते हो, पण आमच्या फॉन्टात नाही. परत टाइप करावी लागेल.” त्यांनी टंकयंत्राच्या मांडणीवर मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा दिलेली; इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आहे तसाच त्यांच्या विंडोजमध्येही आहे, पण तो शिकण्यासाठी महिनाभर वेग निम्म्यावर येणार, आणि टेबलावरचे काम काही निम्मे होत नाही. मला त्यांचा राग आला नाही. वेग मंदावलेला तो महिना त्यांना पगारी मिळावा, असे कोणत्याही कार्यालयाला वाटत नाही, याचा मात्र आला.

केरळच्या सरकारी शाळांनी या शतकाच्या पहिल्या दशकातच मुक्त प्रणाली वर्गात नेली. पुण्याच्या सी-डॅकचे नाव संगणकातील भारतीय लिप्यांशी अनेक वर्षे निगडित आहे. त्या संस्थेने 2007 मध्ये ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली काढली. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून ऐकता येतात. साधनांची वाण नाही. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी विद्यार्थी संगणकाची परीक्षा उत्तीर्ण होऊन येतो आणि ‘फाइल’ व ‘फॉन्ट’ यांतला फरक त्याला सांगावा लागतो. प्राध्यापकालाही तो बावीस वर्षांनी कळला, तेव्हा विद्यार्थ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

रात्री जेवणानंतर मी रोज एक प्रश्नपत्रिका दुरुस्त करतो. रफार जागेवर बसवावयाचा, निसटलेल्या वेलांट्या जोडावयाच्या. सध्या 2011 च्या द्वितीय सत्रापर्यंत आलो आहे. त्या वर्षी ‘मक्तेदारी म्हणजे काय, सांगून तिचे प्रकार स्पष्ट करा’ असा दहा गुणांचा प्रश्न मी घातला होता.