वेताळ टेकडीची एक फेरी

पुण्यात राहणाऱ्या बहुतेकांनी वेताळ टेकडी लांबून पाहिलेली असते. कोथरूडच्या गच्चीवरून, पाषाणहून, सेनापती बापट रस्त्यावरून, कुठून ना कुठून ती दिसतेच. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, म्हणजे शहरापेक्षा जेमतेम अडीचशे मीटर वर. एवढ्या चढाला गिर्यारोहण म्हटलं तर खरे गिर्यारोहक हसतील! पण थंडीतल्या रविवारी उजाडताना निघून साडेनवाच्या चहाला घरी यायचं असेल, तर मुलांना आणि आजीआजोबांनाही झेपेल अशी ही वाट आहे.

ए.आर.ए.आय.च्या रस्त्यानं वर गेलं की रुंद मातीची वाट लागते. ती धरून आधी जुनी दगडाची खाण, मग वेताळाचं देऊळ आणि माथ्यावरच्या सपाटीवरून दुसऱ्या पायवाटेनं परत. बस, एवढीच फेरी. रस्ता चुकण्याची भीती नाही, कारण विचारायला दर पाच मिनिटांनी कोणीतरी भेटतंच.

खाणीपाशी जरा थांबा. मुलांचा हात मात्र सोडू नका, काठ सरळ तुटलेला आहे. इथं दगड काढणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता पावसाळ्यात खाली पाणी साठतं, कपारींत पक्षी राहतात. कापलेल्या केकचे थर दिसावेत तशी टेकडी इथं आतून दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. त्याचाच हा काळा कातळ. अखंड कातळातून पाणी झिरपत नाही. झिरपतं ते भेगांतून आणि झिजून ठिसूळ झालेल्या थरांतून. म्हणजे पाऊस पडल्यावर पाणी उतारावर थोडा वेळ थबकलं पाहिजे, तरच त्याला या भेगा सापडणार. ते थबकवतं कोण? गवत.

आणि गवत म्हटलं की मोजे आठवतात! पावसाळा संपल्यावर या टेकडीवरून आलेला माणूस घरी बसून मोज्यांतली कुसळं उपटत असतो. पुढच्या वेळी एक कुसळ फेकू नका. ओल्या बोटांनी धरा आणि पाहा. त्याची पीळ पडलेली शेपटी ओली झाली की उलगडते, वाळली की पुन्हा पिळते. दिवसा ऊन, रात्री दव, असं होत होत ते बी गिरमिटासारखं जमिनीत स्वतःला पेरून घेतं. ना खड्डा, ना टँकरचं पाणी.

हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा मीही एका रविवारी उत्साहानं या टेकडीवर खड्डे खणले आहेत. ‘उजाड टेकडी हिरवी करू या’ असं ठरवून आम्ही वीस-पंचवीसजण आलो होतो. फोटो झाले, वडे झाले. मार्चमध्ये मी एकटा पाहायला गेलो, तर निम्म्याहून जास्त रोपं वाळलेली. शिवाय तो खड्डा ज्या गवतात खणला, तिथंच टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात, हे मला नंतर एका पक्षिनिरीक्षकानं सांगितलं. उजाड जागा नव्हतीच ती. आम्ही कुणाच्या तरी घरात कुदळ घातली होती.

देवळाकडे जाताना दोन्ही हातांना जी झाडी लागते, त्यात ग्लिरिसिडिया खूप. मध्य अमेरिकेतलं हे झाड. कापलेली फांदी रोवली तरी जगतं, आणि डोंगर लवकर हिरवे व्हावेत म्हणून आपल्याकडे ते भरपूर लावलं गेलं. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं तेव्हा सुंदर दिसतं, नाही कशाला म्हणू? पण त्याच्या दाट राईखाली पाहा, गवत विरळ झालेलं असतं. अधूनमधून सालफटं सुटलेली सालई किंवा शिंगासारख्या वाकड्या शेंगांची मेडशिंगी भेटते. ही इथली जुनी मंडळी. उन्हाळ्यात पानं गाळून गप्प उभी राहतात, म्हणून आपण त्यांना मेलेली समजतो.

देवळापाशी पोहोचलं की हवा स्वच्छ असेल तर नैऋत्येला सिंहगड दिसतो, पश्चिमेला पाषाणचा तलाव. आणि चारी बाजूंनी टेकडीला भिडत आलेलं शहर. या टेकडीच्या अंगानं रस्ता आणि पोटातून बोगदे काढण्याच्या योजनेविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येनं मोर्चात चालले. त्यात रोज इथं फिरायला येणारे पुष्कळ होते. वाहतूक कोंडीचा त्रास त्यांनाही आहेच. पण भेगांत मुरणारं पाणी कुठं जातं, हे त्यांनी खाणीच्या काठावर उभं राहून पाहिलेलं होतं.

परतताना मळलेली पायवाट सोडू नका. कुत्रा बरोबर असेल तर त्याला साखळीला धरा. आणि मोर ओरडला की सगळे जिकडे पळतात, तिकडे न जाता जागेवरच थांबा. बऱ्याचदा तोच वाट ओलांडायला तुमच्या बाजूला येतो.