मळणीची धूळ आणि आपली फुप्फुसे



सोयाबीनची मळणी जोरात सुरू आहे. भाव आणि ओलाव्याचे मेसेज आपण नेहमी पाठवतो. आज थोडं आपल्या छातीबद्दल.

दिवसभर थ्रेशरवर काम केलं. रात्री अंग कसकसलं, थंडी वाजून ताप आला, कोरडा खोकला, दम लागला. एक-दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून पुन्हा थ्रेशरवर, आणि पुन्हा तेच. आपण म्हणतो, "ऊन लागलं असेल." दरवेळी ते ऊन नसतं.

*श्वास आत कसा जातो?*
नाकातून हवा श्वासनलिकेत जाते. तिला दोन फांद्या फुटतात, एक डाव्या आणि एक उजव्या फुप्फुसात. झाडासारख्या फांद्या फुटत शेवटी बारीक फुग्यांसारखे वायुकोश येतात. ते ३० कोटींहून जास्त असतात. त्यांच्या पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो आणि खराब वायू बाहेर पडतो. बसल्या जागी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. पोती उचलताना कितीतरी जास्त हवा आत ओढतो, आणि तिच्याबरोबर धूळही.

*धूळ कुठे अडते?*
जाड धूळ नाकातले केस आणि शेंबूड अडवतात. त्यापुढची धूळ नळ्यांमधल्या चिकट कफात अडकते. तिथले केसांसारखे तंतू तो कफ वर ढकलतात आणि तो खोकल्यातून बाहेर पडतो. विडी-सिगारेटचा धूर हेच तंतू निकामी करतो.
पण बुरशीचे कण इतके बारीक असतात की थेट वायुकोशात पोचतात. ओला कडबा, भिजलेलं भुसकट, कुबट वास येणारं धान्य हलवलं की ते उडतात. काहींच्या फुप्फुसांना ते सोसत नाहीत. मग ४ ते ८ तासांनी वर सांगितलेला त्रास सुरू होतो. वारंवार झालं तर फुप्फुस कडक होतं, आणि ते पुन्हा मऊ होत नाही.

*इतर आजार ओळखा*
▪️ *दमा:* नळ्या आवळतात, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. पंपाची "सवय लागते" हा गैरसमज आहे. त्यातून थोडं औषध थेट नळ्यांत जातं. डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.
▪️ *सीओपीडी:* बरीच वर्षं विडी ओढणारे आणि चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या आपल्या घरातल्या बायका, दोघांनाही होतो. आधी सकाळचा खोकला, मग चढावर दम.
▪️ *क्षयरोग (टीबी):* दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. साधारण सहा महिने औषध पूर्ण घेतलं तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उपचार सुरू असताना निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात.

*काय करायचं?*
1️⃣ थ्रेशरवर पाठीवर वारा घेऊन उभे राहा, धूळ पुढे जाऊ द्या.
2️⃣ रुमाल जाड धूळ अडवतो, बारीक नाही. एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवा.
3️⃣ हा मास्क फवारणीच्या औषधाची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो.
4️⃣ कडबा नीट वाळवूनच गंजी लावा. बुरशी आलेला चारा बंद गोठ्यात झटकू नका.
5️⃣ ज्यांना दमा आहे त्यांनी धुळीचं काम दुसऱ्याकडे द्यावं. यात कमीपणा नाही.

*डॉक्टरकडे कधी?*
मळणीनंतर दोनदा तसाच ताप आला, किंवा खोकला दोन आठवडे टिकला तर थांबू नका. डॉक्टरांना "मी धुळीत काम केलं" हे आवर्जून सांगा, नाहीतर उपचार साध्या तापाचाच होतो. ओठ निळे पडले किंवा बोलताना धाप लागली तर लगेच *१०८* ला फोन करा.

पीक दरवर्षी घेता येतं, गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत. आपल्याकडे मळणीला येणाऱ्या मजुरांनाही हा मेसेज वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌾