कुणीतरी म्हणालं म्हणे...!

मुलांनो, 'आभाळ पडलं' असं ओरडत पळत सुटलेला ससा तुम्हाला माहीतच आहे. पाठीवर पडलं होतं एक पान! पण सशानं हरणाला सांगितलं, हरणानं कोल्ह्याला, आणि बघता बघता सारं रान पळू लागलं. गोष्ट ऐकताना आपण सशाला हसतो. पण रानातल्या एकानंही 'कुठं पडलं आभाळ? दाखव बरं!' असं विचारलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

सशाचं राहू द्या. आपण माणसांकडे येऊ.

पराचा कावळा

नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातलं, गुजरातच्या सीमेला लागून असलेलं गाव. इथलं रेल्वे स्टेशन मोठं गमतीचं आहे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातमध्ये! गावाच्या आसपास पुष्कळ पोल्ट्री आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये इथल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. तपासणी झाली आणि कळलं, की हा 'बर्ड फ्लू' आहे. भारतात हा रोग प्रथमच सापडला होता. तो पसरू नये म्हणून सरकारनं त्या भागातल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या. ते गरजेचंच होतं.

पण पुढं काय झालं पाहा. नवापूरपासून शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांतही लोकांनी कोंबडी आणि अंडी खाणं सोडलं. नीट शिजवलेलं, म्हणजे आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापलेलं मांस किंवा अंडं खायला धोका नसतो, असं डॉक्टर सांगत होते. त्या साथीत भारतात एकाही माणसाला लागण झाल्याचं आढळलं नाही. तरी भाव कोसळले. ज्यांच्या कोंबड्या ठणठणीत होत्या, त्यांनाही मोठा फटका बसला.

रोग खरा होता, बातमीही खरी होती. पण भीती मात्र रोगाच्या कितीतरी पुढं धावली. असं का होतं बरं?

मनाचं मोजमाप

सर वर्गात असताना तुम्ही कसे वागता आणि सर बाहेर गेल्यावर सगळा वर्ग दंगा करू लागला की कसे वागता, आठवा पाहू! मुलगा तोच, पण चार जणांत त्याचं वागणं बदलतं. हे कसं आणि का बदलतं, याचा शोध घेणाऱ्या शास्त्राला 'सामाजिक मानसशास्त्र' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मनातलं काय मोजपट्टीनं मोजता येतं? मोजपट्टीनं नाही, पण युक्तीनं येतं. एक युक्ती म्हणजे जे घडतंय ते काळजीपूर्वक टिपून ठेवणं आणि दुसऱ्या घटनेशी ताडून पाहणं.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये फार मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद नावाच्या अभ्यासकानं त्या वेळी लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. गंमत अशी, की ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांच्या आसपास पडझड झाली नाही, अशा लोकांतही 'याहून मोठं संकट येणार' अशा अफवांना ऊत आला होता! पुढं १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या. तिथला अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी केला. तिथल्या लोकांनी नुकसान डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्यात अशा अफवा दिसल्या नाहीत.

हे दोन्ही अभ्यास अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंजर यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि १९५७ मध्ये त्याचा अर्थ सांगितला. पोटात भीती तर आहे, पण भिण्यासारखं समोर काहीच दिसत नाही, अशा वेळी मन बेचैन होतं. मग ते भीतीला शोभेल एवढं मोठं कारण शोधतं. अफवा ते कारण आयतं आणून देते!

वस्तरा कुणाच्या हातात?

दुसरी युक्ती म्हणजे प्रयोग. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक प्रयोग केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४७ मध्ये आलं. एकाला चित्र दाखवायचं. त्यानं ते चित्र न पाहिलेल्या दुसऱ्याला त्याचं वर्णन सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला... थोडक्यात, आपला कानगोष्टींचा खेळच की!

पाच-सहा जणांपर्यंत पोचता पोचता बहुतेक तपशील गळून जायचा. जो उरायचा, त्याला टोक काढलं जायचं. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ऐकणारा ती हकिकत आपल्या मनातल्या साच्यात बसवायचा. एका चित्रात रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस बोलत उभे होते. वस्तरा होता गोऱ्याच्या हातात. पण निम्म्याहून जास्त वेळा, सांगता सांगता, तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला! मुद्दाम खोटं कुणी बोललं नव्हतं. 'काळी माणसं भांडखोर' हा साचा डोक्यात आधीच होता, एवढंच.

एका रविवारी

आता जे सांगतो, ते सांगताना वाईट वाटतं, पण सांगायलाच हवं. नंदुरबारच्या शेजारी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. २०१८ साली त्या भागात मोबाइलवरून एक निरोप फिरत होता, 'मुलं पळवणारी टोळी आली आहे.' १ जुलैला, रविवारी, तिथला आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची पाच माणसं तिथं आली होती. गावोगाव फिरून भिक्षा मागायची, हा त्यांचा जगण्याचा मार्ग. लोकांनी त्यांनाच टोळी समजून घेरलं आणि मारलं. पाचही जणांचा जीव गेला. अफवा खोटी होती.

मुलांनो, वस्तऱ्याचं चित्र आठवा. मुलांची काळजी कुणाला नसते? भीती खरी होती, माहिती अपुरी होती, आणि 'अनोळखी, भटका म्हणजे चोर' हा साचा तयार होता. तिन्ही एकत्र आलं आणि पाच घरांतली माणसं परत गेली नाहीत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण खरी मर्यादा आपल्या बोटावर हवी, नाही का?

तुम्हीच करा प्रयोग!

बाईंना किंवा सरांना विचारून हा प्रयोग वर्गात करून पाहा.

सोळा मुलं घ्या. चिठ्ठ्या टाकून आठ-आठ जणांच्या दोन रांगा करा. चिठ्ठ्या अशासाठी, की सगळे हुशार एकाच रांगेत यायला नकोत. बाजाराचं एखादं भरगच्च चित्र निवडा आणि त्यातल्या वीस गोष्टी कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक रांगेतल्या पहिल्यालाच चित्र दाखवा. पहिल्या रांगेत प्रत्येकानं पुढच्याच्या कानात एकदाच सांगायचं. दुसऱ्या रांगेतही तसंच, पण ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं आणि चुकलं तर दुरुस्त करून घ्यायचं. शेवटच्या मुलानं काय सांगितलं ते लिहा. वीसपैकी किती गोष्टी उरल्या आणि किती नव्या घुसल्या, ते मोजा.

चित्र तेच, मुलं तेवढीच, फरक फक्त एका गोष्टीत. प्रयोगाचा हा पहिला नियम, बरं का! दुसरा नियम असा, की कुणाचं मन दुखवायचं नाही. म्हणून खऱ्या माणसाबद्दलची हकिकत घ्यायची नाही, आणि खेळ संपल्यावर तो कशासाठी होता ते सगळ्यांना सांगायचं. निकाल काय येईल ते आम्ही सांगणार नाही. तुम्हीच आम्हाला कळवा!

आणि आईबाबांनो, संध्याकाळी मोबाइलवर एखादा घाबरवणारा निरोप आला, तर तो पुढं पाठवण्याआधी घरातल्या मुलाला वाचायला द्या. तो विचारेल, "हे कुणी पाहिलं? की नुसतं ऐकलं?"

रानातल्या एकानं सशाला एवढंच विचारायला हवं होतं.