कामाच्या वस्तूंतील गंमत

सुपारी कातरण्यास दोन दांडे, एक पातें व एक खिळा एवढें साहित्य पुरेसें आहे. लोहारानें हें साहित्य जोडून ओबडधोबड अडकित्ता करून दिला, तरी सुपारी कातरली जातेच. तिची चव कांहीं कमी होत नाहीं. असें असतांना महाराष्ट्रांतील जुन्या घरांत जे अडकित्ते सांपडतात, त्यांपैकीं एखाद्याला पोपटाची चोंच असते, एखाद्यावर घोडेस्वार बसलेला असतो, तर एखाद्याला घुंगरें लावलेलीं असतात. हा सारा खटाटोप कारागिरानें कशासाठीं केला असेल?

याचें एक उत्तर सर्वांच्या तोंडीं आहे : हौस. तें उत्तर खोटें नाहीं; पण अपुरें आहे. हौस वेड्यावांकड्या वस्तूंतहि असते. नीट पाहिलें असतां असें दिसून येतें कीं, उत्तम कारागिराची गंमत वस्तूवर वरून चिकटविलेली नसते. ती वस्तूच्या कामांतूनच निघालेली असते. हा भेद ज्यास कळला त्यास घरांतील कोणती वस्तु जपावी आणि बाजारांतील कोणती घेऊं नये, हें ठरविणें सोपें जातें.

प्रथम अडकित्ताच घ्यावा. शाळेंत तरफेचे तीन प्रकार शिकवितात. त्यांपैकीं दुसऱ्या प्रकाराचें हें घरगुती उदाहरण आहे. टेकू, म्हणजे खिळा, एका टोंकास, सुपारी मध्यें, आणि हाताचा जोर दुसऱ्या टोंकास. सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ व मूठ जितकी दूर, तितकें थोड्या जोरांत काम होतें. आतां हा अडकित्ता उघडून मिटून पाहावा. एका टोंकास सांधलेले दोन दांडे उघडले कीं तो एक जबडाच दिसतो. आणि टणक फळ तोंडांत धरून फोडणारा सर्वांच्या ओळखीचा पक्षी म्हटला म्हणजे पोपट. कारागिरानें हा पोपट बाहेरून आणला नाहीं. तो त्या दोन दांड्यांत होताच, कारागिरानें त्यास फक्त डोळा व चोंच दिली. दुसऱ्या कोणास तेच दोन दांडे एकमेकांपासून दूर जाणारे व पुन्हां जवळ येणारे असे दिसले, आणि त्यानें एका दांड्याचा पुरुष व दुसऱ्याची स्त्री केली. विड्याच्या तबकाभोंवतीं बसलेल्या मंडळींत अशा अडकित्त्यानें सुपारीबरोबर हंशाहि पिकत असेल, हें सांगावयास नकोच.

तीच गोष्ट वज्रीची. स्नानाच्या वेळीं टांचा घासण्यासाठीं पितळेची वज्री वापरण्याची रीत होती. तिची खालची बाजू आडव्या-उभ्या रेघा कोरून खरखरीत केलेली असते. वरचा भाग हातांत धरण्यासाठीं. ओल्या हातांतून निसटूं नये म्हणून तेथें कांहीं तरी उंच व फुगीर हवेंच. मग नुसता गोळा बसविण्याऐवजीं कारागिरानें तेथें पक्षी, हत्ती किंवा घोडा बसविला. कित्येक वज्र्यांच्या पोकळ पोटांत बारीक खडे टाकलेले असतात. हात हालला कीं त्या खुळखुळतात. टांच घासणें हें कंटाळवाणें काम. त्याला ताल मिळाला कीं तें सुसह्य होतें. हळदकुंकवाची कोयरी तर नांवापासूनच आंब्याची आहे. एका बाजूस निमुळती होत गेलेली ती डबी सुवासिनीच्या तळहातांत अशी बसते कीं, दुसरा हात कुंकूं लावण्यास मोकळा राहतो.

याहून अधिक बुद्धीचा खेळ दिव्यांत दिसतो. तेलाच्या दिव्याची एक जुनी अडचण आहे. पात्र उथळ केलें तर तेल लवकर संपतें. खोल केलें तर तेल खालीं गेल्यावर ज्योत मंद होते, कारण वातीस तें दुरून ओढून घ्यावें लागतें. म्हणजे पात्र उथळ हवें, पण त्यांतील तेलाची पातळी मात्र ढळतां कामा नये. यावर जो तोडगा निघाला त्याचा सुंदर नमुना मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतो. जोगेश्वरी येथें सांपडलेला, सुमारें हजार वर्षांपूर्वींचा मानला जाणारा हा सांखळीचा टांगता दिवा आहे. त्यावर हत्ती उभा आहे, हत्तीवर स्वार आहेत. पाहणाऱ्यास वाटावें कीं ही नुसती शोभा. परंतु हत्ती हीच तेलाची टांकी आहे. तेल त्याच्या पोकळ शरीरांत भरावयाचें आणि तें तेथून खालच्या पात्रांत उतरावयाचें.

अशा दिव्यांचें मर्म हवेच्या दाबांत आहे. वरची टांकी सर्व बाजूंनीं बंद असते. खालच्या छिद्राखेरीज तींत हवा शिरण्यास वाट नसते. तें छिद्र पात्रांतील तेलांत बुडालेलें असेपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब वरचें तेल वरच धरून ठेवतो. वात जळतां जळतां पात्रांतील तेल छिद्राच्या खालीं गेलें कीं हवेचा एखादा बुडबुडा आंत शिरतो व तेवढेंच तेल खालीं येतें. पातळी वर आली कीं छिद्र पुन्हां बंद होतें. कोंबड्यांना पाणी पाजण्याचीं जीं उपडीं भांडीं असतात, तींहि याच तत्त्वावर चालतात. तेलासाठीं बंद व मोठी पोकळी हवी होती. आणि मोठें पोट कोणाचें, असा प्रश्न पडल्यावर हत्तीखेरीज दुसरें कोण आठवणार!

मुलांस सर्वांत अधिक आवडणारी वस्तु म्हणजे वसुदेवाचा प्याला. या धातूच्या प्याल्याच्या मध्यभागीं बालकृष्णास घेऊन यमुना ओलांडणारा वसुदेव उभा असतो. प्याल्यांत पाणी ओतूं लागलें कीं तें वसुदेवाच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत चढत जातें. परंतु कृष्णाच्या पायास स्पर्श होतांच तें ओसरूं लागतें आणि पाहतां पाहतां सगळा प्याला रिकामा होतो. भागवतांतील कथा डोळ्यांपुढें घडते. हा चमत्कार वक्रनलिकेचा आहे. मूर्तीच्या आंत एक वांकविलेली नळी लपविलेली असते. तिचें एक तोंड मूर्तीच्या पायांशीं प्याल्यांत उघडतें. नळी तेथून कृष्णाच्या पायाच्या उंचीपर्यंत वर चढते, वळते आणि प्याल्याच्या तळांतून खालीं बाहेर पडते. पाणी त्या वळणाच्या खालीं असेपर्यंत एक थेंबहि गळत नाहीं. पाण्यानें वळण ओलांडलें कीं लांब भुजेंतील पाणी आपल्या वजनानें खालीं जाऊं लागतें, त्याच्या मागोमाग प्याल्यांतील पाणी येत राहतें, आणि आंतील तोंड उघडें पडेपर्यंत हा ओघ थांबत नाहीं.

असाच प्याला ग्रीस देशांतील सामोस बेटावर विकतात. तेथें मूर्तीऐवजीं मध्यें साधा खांब असतो, व लोककथेनें त्याचें जनकत्व पायथॅगोरसास दिलें आहे. मर्यादेपर्यंत मद्य घेणारा तें सुखानें पितो. हांवरा प्याला भरूं जातो आणि सगळेंच गमावतो. नळी तीच, एकीकडे तिनें भक्ति शिकविली, दुसरीकडे संयम. सांखळी ओढावयाच्या जुन्या पद्धतीच्या न्हाणीघरांतील टांकीहि याच नळीच्या जोरावर एकदम रिकामी होते, हें कळल्यावर मुलांस वक्रनलिकेचें कौतुक दुप्पट वाटेल.

हा प्रयोग कोणत्याहि घरीं करतां येतो. कागदी किंवा पातळ प्लॅस्टिकचा पेला घेऊन त्याच्या तळाशीं छिद्र पाडावें. शरबत पिण्याची, मध्यें वांकणारी नळी घेऊन तिचा लांब भाग त्या छिद्रांतून खालीं सोडावा. आंखूड भाग पेल्याच्या आंत खालच्या दिशेनें वळवून दोऱ्यानें बांधावा. त्याचें तोंड तळापासून किंचित् वर, आणि नळीचें वळण पेल्याच्या कांठाहून खालीं राहिलें पाहिजे. छिद्राभोंवतालची फट मेणानें बुजवावी आणि बऱ्यापैकीं धारेनें पाणी ओतावें. पुस्तकांतील आकृतीनें जें दहा वेळां सांगून समजत नाहीं, तें येथें एका पेल्यानें समजतें.

गंमत आणि काम यांची ही सांगड केवळ हातकारागिरीलाच साधते, असें मात्र नाहीं. इ. स. १९८५ मध्यें अमेरिकन वास्तुशिल्पी मायकेल ग्रेव्हज यांनीं इटलींतील अलेस्सी या कारखान्यासाठीं पाणी उकळण्याची एक किटली योजिली. तिच्या तोटीवर एक लहानसा तांबडा पक्षी बसविला आहे. पाणी उकळलें कीं वाफेनें तो शीळ घालतो. पक्षी काढून टाकला तर पाणी उकळल्याची वर्दी मिळणार नाहीं. पोपटाच्या अडकित्त्याची ही दूरची बहीणच म्हणावी. याच कारखान्यासाठीं १९९० मध्यें फ्रेंच योजक फिलिप स्टार्क यांनीं लिंबू पिळण्याचें एक उपकरण योजिलें. तीन उंच पायांवर उभें असलेलें तें उपकरण कोळ्यासारखें दिसतें. तें जगप्रसिद्ध झालें आणि पाहण्यास मोठें मौजेचें आहे. परंतु त्यास गाळणी नाहीं, त्यामुळें रसाबरोबर बियाहि पेल्यांत पडतात. ज्यास दिवाणखान्यांत एक शोभेची वस्तु हवी त्याची तक्रार असणार नाहीं. ज्यास सरबत करावयाचें आहे त्यानें विचार करावा.

येथवर जें सांगितलें तें केवळ कौतुकाचें राहिलें असतें, जर या वस्तू घरोघर सुखरूप असत्या. पण जुनें पितळ मोडींत वजनावर विकलें जातें, आणि तराजूस पोपट व सपाट पत्रा यांतील भेद कळत नाहीं. शिवाय मूर्तिकामाच्या अशा पुष्कळ वस्तू मेणाच्या सांच्यानें ओतलेल्या असतात. आधीं मेणाची आकृति करावयाची, तीवर मातीचा लेप द्यावयाचा, भट्टींत मेण वितळवून काढावयाचें, रिकाम्या जागेंत धातूचा रस ओतावयाचा आणि तो थिजल्यावर मातीचा सांचा फोडावयाचा. मेण गेलें, सांचाहि फुटला. उरते ती एकच वस्तु. ती वितळविली म्हणजे तिची पुन्हां प्रत काढण्यास कांहींच राहत नाहीं. वस्तु गेल्यावर ती कशासाठीं होती, हें सांगणारीं माणसेंहि हळूहळू जातात.

ही हानि ओळखून जे गृहस्थ आयुष्यभर तिच्या मागें लागले, ते पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविता लिहीत, आणि त्यांच्या घरचा धंदा चष्म्यांचा होता. इ. स. १९२० च्या सुमारास त्यांनीं संग्रहास आरंभ केला. राजेरजवाड्यांचें जडजवाहीर गोळा करणारे पुष्कळ होते. केळकरांनीं मात्र अडकित्ते, वज्र्या, दिवे, दौती, कुलुपें, फण्या व स्वयंपाकघरांतील भांडीं यांचा ध्यास घेतला. या कामीं त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची साथ त्यांना होती. अल्पवयांत निवर्तलेल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहालयास दिलें, आणि इ. स. १९७५ मध्यें तें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांतील वस्तूंची संख्या २०,००० च्या वर आहे. जागेच्या अभावीं त्यांतील थोड्याच एका वेळीं मांडतां येतात. तेथील एका दालनांत तासभर घालविला, तर आपल्या आज्या-पणज्या रोजच्या कामांत किती हंसत असतील याची कल्पना येते.

प्रत्येकास संग्रहालय उभारतां येणार नाहीं, आणि त्याची जरूरीहि नाहीं. माळ्यावरची एखादी अनोळखी पितळी वस्तु मोडींत देण्यापूर्वीं ती हालवून पाहावी, उघडून मिटून पाहावी, तींत पाणी ओतून पाहावें. आणि घरांतील सर्वांत वृद्ध माणसास ती दाखवून तिचें नांव व उपयोग एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी वस्तूस बांधावी. नवी गमतीची वस्तु घेतांना दुसरी परीक्षा करावी : तीवरचा पक्षी, मासा किंवा बाहुली मनांतल्या मनांत काढून टाकावी. काम पूर्वींइतकेंच चाललें, तर ती गंमत चिकटविलेली आहे व चार दिवसांत शिळी होईल. काम अडलें, तर ती वस्तु खुशाल घरीं आणावी. ती नातवंडांच्याहि हातीं पडेल, आणि ती कशी चालते असें तींहि एक दिवस विचारतील.